गिटारला माइक की पिकअप? मंडपातल्या आवाजाचा हिशेब

रिसोडसारख्या तालुक्याच्या गावात वाद्यांचा आवाज मोठा करण्याचं काम काही नवं नाही. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी इथून पुढे जाते, तालुक्यातल्या लोणीला सखाराम महाराजांची यात्रा भरते, आणि हरिनाम सप्ताह तर गावोगाव असतात. पेटीसमोर माइक कुठे ठेवायचा, पखवाजाला दोन माइक का लागतात, बुवा चढ्या सुरात गेले की कुठलं बटण हळूच मागे घ्यायचं, हे इथल्या सिस्टीमवाल्यांना कुणी शिकवावं लागत नाही. गिटार मात्र या व्यवस्थेत उशिरा आली. महाविद्यालयाचं गॅदरिंग, लग्नाच्या आदल्या दिवसाची संगीत संध्या, एखादा छोटा ऑर्केस्ट्रा, अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची तयारी करणारी मुलं, अशा वाटांनी ती स्टेजवर आली आणि तिच्यापुढे तोच माइक ठेवला गेला जो पेटीपुढे ठेवतात. मग एक तर गिटार ऐकूच येत नाही, नाही तर माइक शिट्टी मारतो. यावर दोन ठरलेले सल्ले मिळतात: चांगला माइक घ्या, किंवा पिकअप, म्हणजे गिटारवरच बसवून तारांची वा लाकडाची थरथर विजेत बदलणारं साधन, बसवा. माझं म्हणणं असं की दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. माइक चांगला की पिकअप, याचं उत्तर गिटारमध्ये नसतंच. स्टेजवर बाकीचा आवाज किती आहे आणि गिटारचा आवाज किती लांब न्यायचा आहे, यावर ते ठरतं. तो हिशेब आधी मांडला तर निवड बरीचशी आपोआप होते.

पेटीला जमतं ते गिटारला का जमत नाही, इथून सुरुवात करू. पेटीत भाता हवा पुरवतो तोवर सूर टिकतो. वादक बैठक मारून बसलेला असतो, माइक वीतभर अंतरावर ठेवला की कार्यक्रम संपेपर्यंत हलत नाही. गिटारची तार छेडली की तिचा आवाज लगेच उतरू लागतो. वादक उभा असतो, वळतो, गाणाऱ्याकडे बघतो. शिवाय गिटारचा आवाज एका ठिकाणाहून येत नाही. वरची लाकडी तबली, मधलं भोक, तारा आणि मागची बाजू यांचा मिळून तो होतो. साधा नियम असा की मोकळ्या जागेत माइक दुप्पट लांब गेला की त्याच्यापर्यंत पोचणारा आवाज सहा डेसिबलने घटतो. १५ सेंटिमीटरवर असलेला माइक वादक जरा मागे सरकल्यामुळे ३० सेंटिमीटरवर गेला, तर तेवढी तूट भरून काढायला सिस्टीमवाला गेन, म्हणजे मिक्सरवरची त्या माइकची पातळी, वाढवतो. गेन वाढला की त्याच माइकमध्ये शेजारचे टाळ, ढोलकी आणि समोरच्या मॉनिटरचा, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, आवाजही तितकाच वाढतो. मॉनिटरमधून आलेला आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा मॉनिटरमधून बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. या फेऱ्यात जो सूर प्रत्येक वेळी थोडा थोडा वाढत जातो, तोच शिट्टी होऊन बसतो. भजनाच्या स्टेजवर अडचण आणखी एका कारणाने वाढते. चालू माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी न वाजता मिळू शकणारा आवाज सुमारे तीन डेसिबलने कमी होतो. सहा-आठ माइक उघडे असलेल्या स्टेजवर गिटारसाठी आणखी एक उघडा ठेवणं म्हणजे सगळ्यांच्या वाट्यातून थोडं थोडं काढून घेणं.

हे दुखणं आपल्याकडचंच नाही. गिटारचा आवाज बाकीच्या वाद्यांत बुडतो, याच अडचणीतून अमेरिकेत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला विजेची गिटार जन्मली, आणि ती आधी मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. पोकळ, लाकडी गिटारचा आवाज मोठा करायचा तर काय मोल द्यावं लागतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे गिब्सन कंपनीने १९५४मध्ये काढलेली जे-१६०ई. या गिटारवर चुंबकीय पिकअप होता. शिट्टी वाजू नये म्हणून तिची तबली अखंड लाकडाऐवजी प्लायची केली आणि आतल्या पट्ट्या तबली जरा दबून राहील अशा आडव्या लावल्या. म्हणजे ज्या थरथरीमुळे गिटार गिटारसारखी वाजते, तीच थरथर मुद्दाम कमी केली. एवढं करूनही जॉन लेननने हीच गिटार ॲम्प्लिफायरला टेकवल्यावर निघालेला घुमणारा आवाज १९६४च्या ‘आय फील फाइन’ या गाण्याच्या सुरुवातीला ऐकू येतो. तबली जितकी मोकळी, तितका आवाज गोड. आणि तितकीच ती स्पीकरच्या आवाजाने स्वतःहून थरथरायला तयार. नेहमीच्या मोठ्या आकाराच्या गिटारमध्ये आतली हवा साधारण १०० हर्ट्‌झच्या आसपास आणि तबली २००च्या आसपास जोराने घुमते. मंडपात गिटार ‘हूं’ करू लागते ती बहुधा याच दोन जागांवर.

मोठा आवाज आणि खरा आवाज यांत ही ओढाताण आहे हे एकदा मान्य केलं, की बाजारात मिळणारी सगळी साधनं एका उतारावर मांडता येतात. तारेच्या जितकं जवळ जावं तितका आवाज बिनधोक मोठा करता येतो, पण लाकूड कमी ऐकू येतं. तारेपासून जितकं दूर, तितकं लाकूड जास्त आणि मोठ्या आवाजाची मुभा कमी. उताराच्या एका टोकाला भोकात आडवा बसवायचा चुंबकीय पिकअप. तो पोलादी तारेचं हलणं टिपतो, हवेचा आवाज त्याला जवळजवळ कळत नाही, त्यामुळे गोंगाटाच्या स्टेजवर तो सगळ्यांत टिकाऊ. नायलॉनच्या तारांच्या गिटारवर मात्र त्याचा काही उपयोग नाही. शिवाय जाड तारांवरचं काशाचं वेटोळं त्याला दिसत नाही, आतली पोलादी तार तेवढी कळते. म्हणून बिनवेटोळ्याची दुसरी तार उगाच मोठी वाजते आणि एकूण आवाज इलेक्ट्रिक गिटारकडे झुकतो. ज्यांना तो चालतो त्यांनी तो जरूर घ्यावा. पण लाकडी गिटार म्हणून विकत घेतलेल्या वाद्याचा आवाज असा बदलावा, हे बहुतेकांना रुचत नाही, आणि ते रास्तच आहे.

त्यानंतरचं साधन म्हणजे घोडीवरच्या सॅडलखाली, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पातळ कडेखाली, बसवलेली पिएझोची पट्टी. आज दुकानात ‘सेमी-ॲकॉस्टिक’ किंवा ‘इक्यूवाली’ म्हणून जी गिटार मिळते, तिच्यात बहुतेक वेळा हीच असते. क्युरी बंधूंनी १८८०मध्ये दाखवून दिलं की काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते. सॅडलखालची पट्टी त्याच तत्त्वावर तारांचा दाब मोजते. ओव्हेशन कंपनीने साठ-सत्तरच्या दशकांच्या सांध्यावर ही पद्धत स्टेजवर रुळवली. पुढे जपानी आणि अमेरिकी कंपन्यांनी ती घरोघरी नेली. या पिकअपला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत: आवाज प्लास्टिकचा येतो, तार तोडल्यासारखी टचटच करते, वरचे सूर टोचतात. तक्रार खोटी नाही. सॅडलवरचा दाब आणि तबलीने हवेत सोडलेला आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पट्टीला पहिलीच कळते. पण आपल्याकडे ऐकू येणाऱ्या वाईट पिएझो आवाजातला मोठा भाग पिकअपचा दोष नसतो, जोडणीचा असतो, आणि या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण सगळ्यांत जास्त पैसे इथेच वाया जातात.

पिएझोची पट्टी विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर असते. समजा तिची क्षमता एक नॅनोफॅरड आहे. ती ज्या इनपुटला जोडली त्याचा अडथळा आणि ही क्षमता मिळून एक चाळणी तयार होते, आणि ती चाळणी ठरावीक सुराच्या खालचं सगळं गाळून टाकते. ती सीमा साध्या भागाकाराने काढता येते. मिक्सरच्या लाइन इनपुटचा अडथळा दहा हजार ओह्म धरला तर सीमा येते सुमारे १६,००० हर्ट्‌झवर, म्हणजे गिटारचा जवळजवळ सगळाच आवाज चाळणीत अडकला. माइकच्या इनपुटचा अडथळा तर याहून कमी, हजार-दोन हजार ओह्मचा. उलट अडथळा दहा लाख ओह्म असेल तर सीमा १६० हर्ट्‌झच्या आसपास येते आणि एक कोटी ओह्म असेल तर १६वर. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्‌झवर वाजते. म्हणजे ती भरीव ऐकू यायला दहा लाखही कमीच पडतात. कुणी काही शे रुपयांत मिळणारी चिकटवायची पिएझो चकती आणून, पी-३८ पिन लावून ती थेट आहुजाच्या ॲम्प्लिफायरच्या माइकच्या खोबणीत खुपसली, तर पातळ, किरकिरा आवाज येणारच. तो आवाज ऐकून पिएझो वाईट असा निकाल देणं चुकीचं आहे. मध्ये योग्य प्रीअँप, म्हणजे पिकअपला जास्त अडथळ्याचं इनपुट देऊन आवाज पुढे धाडणारं छोटं सर्किट, असतं तर तीच चकती बऱ्यापैकी वाजली असती. ज्या गिटारमध्ये प्रीअँप आतच बसवलेला असतो, तिथे ही अडचण सुटलेली असते, पण तिथे बॅटरीचा प्रश्न येतो. अशा बहुतेक गिटारींमध्ये पिन आत घातली की प्रीअँप चालू होतो. तालमीनंतर केबल तशीच लावून ठेवली तर नऊ व्होल्टची बॅटरी रात्रभर जळत राहते, आणि ती आधीच बरीच संपलेली असेल तर दुसऱ्या दिवशी ऐन कार्यक्रमात आवाज फाटू लागतो. मग दोष दिला जातो सिस्टीमला.

उतारावर आणखी पुढे तबलीच्या आतल्या बाजूला, घोडीखाली चिकटवायच्या चकत्या येतात. त्या तबलीची थरथर टिपतात, त्यामुळे लाकूड बरंच ऐकू येतं, आणि बोटांनी नाजूक वाजवणाऱ्यांना त्या मनापासून आवडतात. पण त्याच कारणाने त्या शिट्टीकडेही लवकर झुकतात, कारण स्पीकरने तबली हलवली की तीही त्यांना कळते. गिटारच्या पोटात बसवलेला छोटा माइक त्याही पुढचा. आतला आवाज डब्यातून आल्यासारखा असतो, म्हणून तो एकटा क्वचितच वापरतात. सॅडलच्या पट्टीबरोबर थोडा मिसळतात. महागड्या यंत्रणांमध्ये खालचे सूर पट्टीकडून आणि वरचे या माइककडून घेतात, म्हणजे ज्या भागात गिटार घुमते तो भाग माइकपासून दूर राहतो. ही रचना हुशार आहे. पण तिचा फरक ज्या स्टेजवर ऐकू येईल ती स्टेज शांत असायला लागते. डीजेचे बॉक्स शेजारी धडधडत असतील तर त्या जास्तीच्या पैशांचं तिथे काहीच ऐकू येत नाही.

उताराच्या दुसऱ्या टोकाला बाहेरचा माइक, आणि तिथे तो निर्विवाद श्रेष्ठ आहे. ज्याला गिटार खरीखुरी ऐकायची आहे त्याला अजून त्याच्यासारखं दुसरं साधन नाही. बारावा फ्रेट आणि मान जिथे पोटाला जुळते त्याच्या आसपास रोखलेला, वीतभर ते दीड वीत अंतरावरचा माइक लाकूड, तार आणि हवा तिन्ही टिपतो. भोकासमोर थेट रोखला तर तीच १०० हर्ट्‌झची घुमणूक आवाजावर बसते. हा इतका साधा नियमही आपल्याकडे क्वचित पाळला जातो. माइक सर्रास भोकासमोर असतो, कारण डोळ्यांना आवाज तिथूनच येतोय असं वाटतं. शुअरचा एसएम-५७ १९६५पासून बाजारात आहे. तो हातातून पडला तरी चालतो आणि मागून येणारा आवाज बऱ्यापैकी टाळतो. कंडेन्सर माइक बारकावे जास्त देतो, पण त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो, आणि दूरवरची कुजबुजही त्याला ऐकू येते. शांत सभागृहात बसून वाजवणाऱ्याला तो द्यावा, मंडपात नको. माइक अगदी टेकवून ठेवला तर खालचे सूर फुगतात, हेही विसरता कामा नये. म्हणून जवळ आणताना मिक्सरवर खालचा भाग थोडा कापावा लागतो.

यावर एक आक्षेप असा येतो की दोन्ही लावा, म्हणजे भांडणच मिटलं. वाटतं तितकं ते सोपं नाही. पिकअपला तारेची बातमी तत्काळ मिळते. २० सेंटिमीटरवरच्या माइकला ती सुमारे ०.६ मिलिसेकंदांनी उशिरा मिळते. दोन्ही आवाज एकत्र केले की काही सुरांवर ते एकमेकांना पुसून टाकतात. या अंतरावर पहिली खाच साधारण ८५० हर्ट्‌झजवळ पडते, म्हणजे नेमकी सुरावटीचा गाभा जिथे असतो तिथे. उशीर मोजून पिकअपचा आवाज तेवढाच मागे खेचता येतो, पण त्यासाठी डिजिटल मिक्सर आणि तालमीला वेळ हवा. अलीकडे पिकअपच्या आवाजावर त्याच गिटारच्या माइकने टिपलेल्या आवाजाची छाप चढवणारी छोटी यंत्रं निघाली आहेत, आणि पिएझोचा प्लास्टिकपणा घालवण्यात ती खरोखर उपयोगी पडतात. सॅडलच्या पट्टीवर उभं राहून हळूहळू त्यांच्याकडे जाता येतं, म्हणून ती माझ्या युक्तिवादाला बळच देतात. पट्टी असलेल्या माणसाला पुढची वाट मोकळी असते. माइकवरच अवलंबून असलेल्या माणसाला मंडपात दुसरा पर्याय उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तालुक्याच्या गावातल्या श्रोत्यांना एवढे बारकावे हवेत कशाला, कीबोर्डवर गिटारचा आवाज निघतोच की, असं म्हणणारे भेटतात. हे म्हणणं त्याच श्रोत्यांच्या कानावर अन्याय करणारं आहे. पखवाजाची शाई उतरली तर मागच्या रांगेतला माणूस ओळखतो, पेटीचा एखादा स्वर फुसका निघाला तर मान वळते, ते याच गावात. ज्या कानांनी पिढ्यान्‌पिढ्या भजन ऐकलं, त्यांना गिटारच्या खऱ्या-खोट्या आवाजातला फरक कळत नाही असं कसं म्हणावं? खरा अडसर वेगळाच आहे: स्टेजवरच इतका आवाज असतो की फरक ऐकायला जागाच उरत नाही. मॉनिटर गाणाऱ्याच्या कानात ओरडतो, म्हणून ढोलकीवाला जोरात वाजवतो, म्हणून गिटारचा गेन वाढतो. या साखळीत सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे मॉनिटर खाली आणणं आणि त्याची दिशा अशी करणं की तो माइकच्या पाठीकडून येईल. तीन-चार डेसिबल इथे मिळाले, तर उतारावर एक पायरी पुढे जाता येतं, म्हणजे त्याच पैशांत जास्त लाकूड ऐकू येतं. कायदाही याच बाजूला आहे. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपकाला, खास परवानगीचे मोजके दिवस सोडले तर, मनाई करतात. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांत जे कमी असेल ते, याच्या वर जाता कामा नये. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे तिथे हद्दीवर ६५. एवढ्या आवाजात वाजणाऱ्या मंडपात सॅडलची पट्टी आरामात पुरते, आणि बैठकीच्या कार्यक्रमात बाहेरचा माइकही चालून जातो.

म्हणून रिसोडमधल्या वादकाने पैसे कुठे घालावेत, याचं माझं उत्तर असं. ज्याला गॅदरिंग, लग्न आणि मंडप सगळीकडे वाजवायचं आहे, त्याने सॅडलखालची पट्टी आणि चांगला प्रीअँप असलेली मध्यम गिटार घ्यावी. भोकावर बसणारं रबराचं झाकण सोबत ठेवावं, घुमणूक बरीच आटोक्यात येते. पट्टी बसवताना कारागिराने सॅडलची खाच सपाट केली आहे ना, हे बघून घ्यावं. खाच वाकडी असेल तर एखादी तार बुडते आणि मग कुठल्याही बटणाने ती वर येत नाही. चार जणांत बसून वाजवणाऱ्याने पिकअपच्या फंदात न पडता एक चांगला माइक आणि त्याचा स्टँड घ्यावा.

त्याहून महत्त्वाचं असं की सगळं ओझं वादकावर टाकू नये. गिटारपासून मिक्सरपर्यंतच्या लांब केबलमध्ये आवाज पडू नये आणि खरखर शिरू नये म्हणून जो डीआय बॉक्स लागतो, तो सिस्टीमवाल्याच्या पेटीत असायला हवा, जसे त्याच्याकडे माइकचे स्टँड असतात. एकच डीआय बॉक्स गिटारला, कीबोर्डला, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला, सगळ्यांना चालतो. प्रीअँप नसलेल्या गिटारींसाठी मात्र जास्त अडथळ्याचा, विजेवर चालणारा घ्यावा. त्यावर केबलमधली अर्थची जोडणी तोडायचा एक छोटा खटका असतो. जनरेटरवर चालणाऱ्या कार्यक्रमात स्टेजवरची उपकरणं आणि मिक्सर वेगवेगळ्या जोडण्यांवर असले की ५० हर्ट्‌झची गुणगुण सुरू होते, ती बहुतेकदा या खटक्याने थांबते. आपल्याकडे मात्र अशा वेळी ॲम्प्लिफायरच्या वायरची अर्थिंगची पिन काढून टाकायची सवय आहे. गुणगुण थांबते, पण उपकरणात बिघाड झाला तर विजेला गिटारच्या तारांतून वादकाच्या हाताकडे आणि ओठाजवळच्या माइककडे वाट मिळते. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभारलेल्या मंडपात ही जोखीम कुठल्याही चांगल्या आवाजासाठी घेण्यासारखी नाही. खटका असलेला बॉक्स काही हजारांत येतो, आणि माइकचा पुढचा संच घेण्याआधी सिस्टीमवाल्याने तो घ्यावा.